गॅटो रोबोटो: सगळं चिलखताला, मांजरीला काहीच नाही

गॅटो रोबोटो या गेमबद्दल कुठेही विचारा, पहिली तक्रार तीच ऐकू येते, की लहान आहे हो, तीन-चार तासांत संपली. मला ही तक्रार कधी पटलीच नाही. पंधरा तास ओढत नेलेल्या आणि शेवटी कंटाळून सोडून दिलेल्या गेम्सचा ढीग पडलाय माझ्याकडे, त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही, आणि जी बिचारी वेळेत आटपते तिलाच लोक बोल लावतात. माझी तक्रार वेगळी आहे. पण ती नीट सांगायची तर आधी गेम का आवडली ते सांगावं लागेल, नाहीतर घरचेच म्हणतात हिला कधी काही आवडतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. ३० मे २०१९ ला निन्टेंडोच्या स्विच या गेम यंत्रावर आणि पीसीवर आलेली ही गेम, डॉइंकसॉफ्ट नावाच्या छोट्याशा टीमने बनवलेली आणि डिव्हॉल्व्हर डिजिटलने काढलेली. किंमत ७.९९ डॉलर, सेलमध्ये त्याहून खाली येते. प्रकार मेट्रॉइडव्हेनिया. म्हणजे एकच मोठा जोडलेला नकाशा, उड्या मारा, गोळ्या घाला, मध्येच एखादा रस्ता अडतो, मग कुठून तरी नवीन शक्ती मिळवून आणा आणि परत येऊन तोच रस्ता मोकळा करा. १९८६ च्या मेट्रॉइडने हे सुरू केलं, १९९४ च्या सुपर मेट्रॉइडने ते घोटून पक्कं केलं आणि १९९७ मध्ये कॅसलव्हेनियाच्या सिम्फनी ऑफ द नाईटने त्यात तलवारी आणि राक्षस घातले, तिथून या प्रकाराला ते जोडनाव पडलं. गॅटो रोबोटो तर मेट्रॉइडची सरळ सरळ नक्कल आहे आणि ते लपवतही नाही. फक्त तिथली चिलखत घातलेली शूर नायिका सॅमस, तिच्या जागी इथे एक मांजर आहे.

गोष्ट दोन ओळींची. गॅरी नावाचा माणूस आणि त्याची मांजर किकी यानातून चाललेत, एका परग्रहावरच्या ओस पडलेल्या संशोधन केंद्रातून सिग्नल येतोय, किकी नेहमीच्या सवयीने यानाच्या बटणांवरून चालत जाते आणि यान आपटतं. गॅरी आत अडकला. मग बाहेर जाऊन शोध कोण घेणार, तर किकी. पुढे तिला एक यंत्र-चिलखत सापडतं, ते गेमवाले ज्याला मेक म्हणतात ते, ती त्यात जाऊन बसते आणि सुरू. ज्यांच्या घरी मांजर आहे आणि लॅपटॉपही आहे त्यांना यान का पडलं हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही, आमच्याकडे तर होमस्टेच्या बुकिंगचा अर्धा मेल मांजरीनेच पाठवलाय एकदा, पाहुण्यांना वाटलं कोड आहे.

विनोद कुठून येतो हे मी बराच विचार करून पाहिलं, कारण गेममधले विनोद हा तसा वाईट विषय आहे, निम्म्या गेम्समध्ये ते फेसबुकवरच्या जुन्या जोक्ससारखे असतात. इथे गॅरी रेडिओवरून किकीला अगदी गंभीरपणे मोहिमेबद्दल सांगत राहतो, केंद्राचं काय झालं असेल, पुढे कुठे जायचं, आणि किकीचं उत्तर ठरलेलं, म्याव. तो त्या म्यावलाही उत्तर समजून पुढे बोलतो. बस. एवढंच. पण हे चालतं, कारण बाकी सगळं साय-फाय अगदी ठरलेल्या पद्धतीचं ठेवलंय, ओस प्रयोगशाळा, बंद दारं, बिघडलेली यंत्रं, कॉम्प्युटरवर सोडून गेलेल्या शास्त्रज्ञाच्या नोंदी, भीतीदायक असावं असं सगळं सामान आहे आणि त्यातून एक मांजर तुरुतुरु चाललीय. कोणी डोळा मारून सांगत नाही की बघा बघा किती गंमत आहे. ते मला फार आवडलं.

२००७ ची पोर्टल आठवते का, तीही छोटी, तीही साय-फाय, तीही विनोदी. तिथे ग्लॅडॉस नावाची कॉम्प्युटर-बाई सतत बोलत असते आणि तिचं बोलणं हळूहळू बदलत जातं, आधी मदत करणारी, मग खोटं बोलणारी, मग धमकावणारी, म्हणजे विनोदच गोष्ट पुढे नेतो. गॅटो रोबोटोत तसं होत नाही. गॅरी आणि किकीचा विनोद पहिल्या अर्ध्या तासात जसा आहे तसाच शेवटपर्यंत, आणि दुसऱ्या बाजूला त्या शास्त्रज्ञाच्या नोंदी वाचत गेलं की ती कथा चांगलीच उदास होत जाते, प्राण्यांवरचे प्रयोग वगैरे, पुढचं सांगत नाही कारण तिथे खरंच बघण्यासारखं आहे. हे दोन सूर एकमेकांना भेटतच नाहीत. इकडे म्याव, तिकडे शोकांतिका. मला नोंदी आवडल्या, गॅरीही आवडला, पण दोघं एकाच घरात राहतात असं वाटलं नाही, वाडीतल्या दोन चुलतभावांसारखे एका अंगणात पण वेगवेगळ्या दारांनी ये-जा करणारे.

आता खेळायला कशी आहे. तर मस्त. उडी हलकी नाही आणि जडही नाही, बटण सोडलं की लगेच उतरते, गोळीबार सरळ आणि झटपट, आणि मुख्य म्हणजे दर थोड्या वेळाने हातात काहीतरी नवीन येतं. आधी क्षेपणास्त्र, मग हवेत गोल फिरत दुसरी उडी, मग डॅश, म्हणजे झटकन पुढे झेप. क्षेपणास्त्रांबाबत एक छोटी गोष्ट त्यांनी फार डोक्याने केलीय. मेट्रॉइडमध्ये क्षेपणास्त्रं मोजून असतात, संपली की शत्रू मारून परत गोळा करा, त्यामुळे मी तरी ती कंजुषीने वापरते, बॉससाठी, म्हणजे मध्ये मध्ये येणाऱ्या त्या मोठ्या शत्रूसाठी, ठेवते आणि मग बॉस मेल्यावर निम्मी शिल्लकच राहतात, आपल्याकडे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चांगल्या चादरींचं होतं तसं. इथे आकडाच नाही. मारत राहिलं की तापतं, जास्त तापलं की थोडा वेळ थांबायचं, गार झालं की परत मारायचं. त्यामुळे प्रत्येक साध्या खोलीतही मी क्षेपणास्त्रं उडवत गेले आणि लढाईला आपोआप एक ताल आला, दोन मारा, बाजूला व्हा, साध्या गोळ्या घाला, परत दोन. एवढ्याशा बदलाने एवढा फरक पडतो हे बघून बरं वाटलं.

पण गेमचं खरं डोकं आहे ते एका बटणात. ते बटण दाबलं की किकी चिलखतातून बाहेर उडी मारते.

बाहेर आली की सगळं बदलतं. ती एवढीशी आहे. हत्यार नाही. एक फटका लागला की खेळ खलास, चिलखतात असताना जे किडे तुम्ही बघतही नव्हता त्यातला कुठलाही एक नुसता येऊन चाटून गेला तरी मेलात. पण ती भिंतीवर चढू शकते, चिलखत मावत नाही अशा भोकातून जाऊ शकते, आणि पोहू शकते. चिलखताला पाणी चालत नाही. म्हणून पाण्याच्या भागात, ज्याला गेममध्ये अॅक्वाडक्ट्स म्हणतात, तुम्हाला त्या लोखंडी डब्याला काठावर उभा करून एकटीने पाण्यात उतरावं लागतं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला खरोखर थोडी धाकधूक झाली. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात ते रिकामं चिलखत उभं आहे, आणि आपण त्याच्यापासून लांब लांब चाललोय, आणि वाटेत कोणी भेटलं तर हातात काही नाही. माझा भाचा मे महिन्याच्या सुट्टीत आला होता तो शेजारी बसून बघत होता, तो सारखा विचारायचा, "मावशी, ता चिलखत घालून पाण्यात कित्याक जाणा नाय?" आणि मी सांगितलं की बुडतं ते, तर त्याला ते अजिबात पटलं नाही, त्याचं म्हणणं एवढं अंतराळात चालतं आणि डबक्यात चालत नाही म्हणजे कसलं चिलखत. मुद्दा बरोबर आहे. मध्ये एका ठिकाणी पाणबुडीसुद्धा मिळते, तेव्हा मात्र साहेब खूश.

रंगांबद्दल बोललंच पाहिजे, कारण स्क्रीनशॉट बघून निम्मे लोक पळतात. गेम पूर्ण काळ्या-पांढऱ्यात आहे. राखाडी छटा नाहीत, जुन्या गेमबॉयमध्येसुद्धा चार छटा होत्या, इथे फक्त दोन. २०१८ ची ओब्रा डिन अशीच दोन रंगांची, पण तिथे ठिपक्यांनी सावल्या काढल्यात, इथे तसलं काही नाही, काळी पार्श्वभूमी आणि पांढऱ्या आकृती. याचा फायदा मला असा समजला की पावसात लाईट गेली, आणि मालवणात जुलैत लाईट गेली हे काही बातमी म्हणून सांगायची गोष्ट नाही, तेव्हा लॅपटॉपची बॅटरी वाचवायला मी स्क्रीनचा उजेड अगदी तळाला नेला. बाकी कुठलीही गेम अशा उजेडात म्हणजे कोळशाच्या कोठारात मांजर शोधण्याचा प्रकार. ही मात्र जशीच्या तशी दिसत होती. पडवीत बसून, बाहेर ढग, आत अंधार, आणि प्रत्येक काटा, प्रत्येक किडा, किकीचे दोन कान स्पष्ट. एवढंसं मांजर काही मोजक्या ठिपक्यांत काढलंय आणि तरी ते चालताना मांजरच चालतंय हे कळतं, शेपटीवरून कळतं. ज्याने ते हललेलं दाखवलं त्याच्या घरी नक्की मांजर असणार.

तोटाही त्यातलाच. सगळंच पांढरं असल्यामुळे जेव्हा स्क्रीनवर गर्दी होते, स्फोट, गोळ्या, उडणारे तुकडे, तेव्हा यातलं मला मारणारं कोणतं आणि नुसतं शोभेचं कोणतं हे कळेनासं होतं. रंग असते तर लाल गोळी शत्रूची, निळी आपली असं डोळ्याने पकडलं असतं. इथे आकारावरून ओळखायचं आणि घाईत आकार कोण बघतो. शांत खोल्यांमध्ये हा प्रश्न येत नाही, बॉसच्या वेळी येतो, आणि नेमकं तेव्हाच यायला नको असतं.

रंग बदलायला गेममध्ये कॅसेटी लपवलेल्या आहेत, एकूण १४, प्रत्येक कॅसेटमध्ये दोन रंगांची नवीन जोडी. नावं भारी आहेत, कॉफी स्टेन, टॅमागॅटो, आणि व्हर्च्युअल कॅट म्हणून एक लाल-काळी आहे, ती १९९५ साली निन्टेंडोने काढलेल्या आणि लगेच आपटलेल्या व्हर्च्युअल बॉय या लाल-काळ्या गेम यंत्राला मारलेली कोपरखळी. ती लावून मी दोन खोल्या खेळले आणि डोळे चोळत परत काळ्या-पांढऱ्यावर आले, म्हणजे विनोद अगदी यंत्रासकट उतरलाय. कॅसेटी शोधायला मजा येते कारण बहुतेक ठिकाणी त्या किकीलाच जाता येईल अशा जागी दडलेल्या असतात, पण मिळतं काय तर रंग. एखादी सुंदर चोरवाट शोधून, जीव मुठीत धरून शेवटपर्यंत गेलात आणि बक्षीस म्हणून तपकिरी रंग मिळाला तर एकदा हसू येतं, पुढे पुढे कमी येतं. व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेटी फुंकर मारून लावायच्या त्या पिढीतल्या माणसांना थोडं जास्त हसू येईल, तेवढं आपलं जुनं प्रेम.

नकाशाची रचना साधी आहे. मध्ये एक भाग, त्याच्यातून वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळ्या भागांच्या वाटा, एकीकडे पाणी, एकीकडे हीटर कोअर म्हणून तापलेला भाग जिथे लाव्हा आहे, एकीकडे हवेचे मार्ग. प्रत्येक भागाची एक युक्ती आणि ती युक्ती कळली की पुढच्या वीसेक मिनिटांत तो भाग संपतो. हरवणं जवळजवळ नाहीच. काहींना हे आवडत नाही, त्यांना सुपर मेट्रॉइडसारखं वाट चुकायला हवं असतं. मला मेट्रॉइडव्हेनियात वाट चुकायला आवडतं हे खरं, पण तीन-चार तासांच्या गेममध्ये तासभर वाट चुकण्यात गेला तर उरलं काय. हॉलो नाइटमध्ये, २०१७ ची ती, तिथे मी एका रात्री अख्खा वेळ भिंतींना तलवारी आपटत फिरले होते आणि तरी तक्रार नव्हती, कारण ती गेमच तेवढी अवाढव्य आहे, चाळीस तासही कमी पडतात तिला. प्रत्येकीची आपली चाल असते. इथे आखून दिलेली वाट चुकीची नाही, फक्त ती जरा जास्तच दिसते, आतमध्ये स्विच, स्विच दाबा, परत या, दार उघडलं, पुढच्या खोलीत परत स्विच.

बॉस. पहिले काही ठीक, मजेशीर, त्यातलाच एक उंदीरही आपल्यासारखाच यंत्रात बसून समोर येतो आणि मांजर विरुद्ध उंदीर ही लढाई दोन लोखंडी डब्यांत सुरू होते, ते बघून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या, "उंदीर मारूक एवढा सामान लागता तुका?" म्हणून परत गेल्या. पण पुढे एक-दोन बॉस असे आहेत की बाकीच्या गेमशी त्यांचं काही नातंच नाही. सगळा रस्ता तुम्ही हसत-खेळत आलात, वाटेत फारसं मेलाही नाहीत, आणि एकदम समोर हे. खोल्यांमधून गेमने जे शिकवलं त्याचा इथे अर्धाच उपयोग, बाकी नुसतं पाठांतर, हा असा सरकला की तिकडे, तो तसा फुगला की वर. मला अवघड बॉस आवडतात. पण चढ हळूहळू असावा ना, इथे सपाट रस्त्यावर अचानक आंबोलीचा घाट लागतो. भाच्याला मात्र तेच भाग सर्वात आवडले कारण त्यात मी सारखी मरत होते आणि "मावशी परत मेली!" असं तो घरभर ओरडत फिरायचा.

बरं, आता माझी ती तक्रार.

गेममध्ये जे काही मिळतं ते चिलखताला मिळतं. क्षेपणास्त्र चिलखताचं, दुसरी उडी चिलखताची, डॅश चिलखताचा, प्राण वाढवायचे डबे सापडतात तेही चिलखतात असताना कामाला येतात, बाहेर आलात की परत एका फटक्यात खलास. शेवटच्या भागात पोचेपर्यंत ते चिलखत म्हणजे चालता-बोलता किल्ला झालेलं असतं. आणि किकी? किकी पहिल्या खोलीत जशी होती तशीच. चढते, पोहते, घुसते, मरते. एकही नवीन गोष्ट शिकत नाही.

कोणी म्हणेल की तसंच तर हवंय, ती कमजोर राहायला हवी, त्यातच भीती आहे. भीतीला माझी हरकत नाही. पण मेट्रॉइडच बघा, ज्याची ही नक्कल आहे. सॅमस गोळा होऊन लहान भोकातून जाते, ती मॉर्फ बॉल. तोही सुरुवातीला नुसता घुसायच्या कामाचा असतो, म्हणजे थोडक्यात किकीच. पण मग त्याला बॉम्ब मिळतो. १९९१ च्या दुसऱ्या मेट्रॉइडमध्ये त्याला भिंतीला चिकटता यायला लागलं, उडी मारता यायला लागली. २००२ च्या मेट्रॉइड प्राइममध्ये वेग घेता यायला लागला. तो गोळा गोळाच राहिला, चिलखतातल्या सॅमसएवढा ताकदवान कधी झाला नाही, पण त्याचं आपलं एक शहाणपण वाढत गेलं, आणि त्यामुळे प्रत्येक नवीन भोक दिसलं की आता इथे काय करता येईल असा प्रश्न पडायचा. गॅटो रोबोटोत भोक दिसलं की मला आधीच माहीत असतं, आत जा, स्विच दाब, मरू नकोस, परत ये. पहिल्या तासात हे थरारक होतं. तिसऱ्या तासात ते निरोप पोचवायचं काम झालं.

आणि यात वाईट वाटायचं कारण हे की मांजर हा प्राणी असा आहे का? आमच्या धक्क्यावर येऊन बघा. संध्याकाळी होड्या लागतात, लिलाव चालू होतो, माशांच्या पाट्या मांडलेल्या असतात आणि दर पाटीच्या मागे एक तरी मांजर असतं. ते कधी सरळ धावत जात नाही. ते बसतं. पाठ फिरवून, तोंड धूत, जणू काही त्याचा माशांशी संबंधच नाही. म्हावरं विकणारी बाई गिऱ्हाईकाशी हुज्जत घालायला वळली की एक पंजा. नुसता एक, बांगडा किती ओढला की पाटीवरून घसरेल याचा अंदाज घेणारा. ती वळली की परत तोंड धुणं. मग दुसरा पंजा. बांगडा कडेला आला की उचलून दोन गोण्यांच्या फटीतून पसार, आणि त्या फटीतून दुसरं कोणी मागे येऊ शकत नाही हे त्याला आधीच माहीत असतं. १ जूनला मासेमारी बंद झाली की हीच मांजरं वेगळा पवित्रा घेतात, धक्का सोडून खानावळींच्या मागच्या दारी हजर, आणि तिथे तोंड धुणं नाही, तिथे पायात घुटमळणं आणि असं काही ओरडणं की चार दिवस उपाशी आहे असं वाटावं. हत्यार नाही, चिलखत नाही, एका लाथेत आडवं होईल असा जीव, आणि तरी रोज जेवून जातो.

हे सगळं गेममध्ये आणता आलं असतं. किकी म्याव करू शकते, आणि गेमभर ती तेच तर करते, मग त्या म्यावने एखादा किडा तिकडे वळला असता आणि ती मागून निसटली असती, इतकं सोपं. वरून काहीतरी ढकलून खाली पाडणं, हे तर मांजरांचं जगप्रसिद्ध काम, टेबलावरचा ग्लास असो की प्रयोगशाळेतली बाटली. न हलता बसलं तर शत्रूला दिसत नाही असं काही. उंचावरून पडलं तरी लागत नाही. यातलं एक जरी दर भागाला मिळालं असतं तरी शेवटच्या भागात चिलखतातून बाहेर पडताना मला नको नको वाटायच्या ऐवजी हात शिवशिवले असते. विनोदसुद्धा तिथेच वाढला असता, कारण मग तो गॅरीच्या संवादांतून नाही तर माझ्या बोटांतून झाला असता, जो गेममधला खरा विनोद. गेमचं नावच मांजर आणि रोबो. रोबोचं सगळं केलं त्यांनी, अगदी निगुतीने केलं.

त्यासाठी गेम लांब करायला हवी होती का, तर नाही, म्हणूनच मी वर म्हटलं की लांबीचा मुद्दा माझा नाही. तेवढ्याच तासांत, तेवढ्याच खोल्यांत हे बसलं असतं, दोन-चार स्विच कमी करून.

तरी घ्या. खरंच घ्या. पावसाळ्यात किल्ल्याची होडी बंद, स्कुबा बंद, पाहुणे नाहीत, चादरी धुवायच्या तर वाळत नाहीत, अशा दिवसांसाठी ही गेम अगदी योग्य. नेट लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर पळते, डोक्याला ताप नाही. ज्यांनी मेट्रॉइडव्हेनिया कधी खेळली नाही त्यांना तर मी हॉलो नाइटच्या आधी हीच देईन, कारण हरवत नाही आणि तरी परत येऊन बंद वाट मोकळी करण्यातला आनंद काय असतो ते कळतं. फक्त लहान मुलांना देणार असाल तर बॉसच्या वेळी शेजारी बसा. आणि एकदा संपवली की परत खेळायला जास्त मजा येते असं माझं मत, नकाशा पाठ असतो, क्षेपणास्त्रांचा ताल हातात बसलेला असतो, अख्खी गेम एका बैठकीत सरकत जाते. स्पीडरन करणारे, म्हणजे घड्याळ लावून गेम लवकरात लवकर संपवणारे लोक तर तासाभराच्या आत संपवतात, त्यांचे व्हिडिओ बघा, चिलखतातून आत-बाहेर उड्या मारत जातात ते बघताना वाटतं ही वेगळीच गेम आहे.

याच टीमची गनब्रेला १३ सप्टेंबर २०२३ ला आली, ती सध्या चालू आहे माझी. त्यात नायकाकडे एक छत्री आहे जी बंदूकही आहे, ती उघडून तरंगता येतं, झेप घेता येते, गोळ्या अडवता येतात, आणि हे जवळजवळ सगळं पहिल्यापासूनच हातात असतं. म्हणजे आत आणि बाहेर असा भेदच नाही, चिलखत नाही, जो काही आहे तो माणूस आणि त्याची छत्री. हात बसायला वेळ लागला, पण बसल्यावर जी मजा येतेय ती मला किकीसाठी हवी होती. गोष्ट मात्र जरा जड आहे, सारखे लोक भेटतात आणि बोलत बसतात. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि विचारलं, ही छत्री वाऱ्यात उलटी होत नाय ती?